मार्क कुणी द्यायचे?

नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाला आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाजारात एक नवंच गिऱ्हाईक फिरायला लागलं. ते विकत काहीच घेत नाही. चौघापाचांच्या घोळक्याने येतं, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, आणि म्हणतं, "काका, पाच मिनिटं आहेत का? फील्ड प्रोजेक्ट आहे." बी.कॉम. आणि बीएमएसच्या पोरांना आता फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) अशा नावांखाली वर्गाबाहेरच्या कामाचे श्रेयांक मिळवावे लागतात. मोठ्या कंपन्या एवढ्या पोरांना गेटच्या आत घेत नाहीत. मग उरतात पोळीभाजी केंद्रं, टेलर, फरसाणवाले आणि वर्कशॉपवाले.

यात धंदेवाल्याचं काही भलं होतं का, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मामाची वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसची छोटी शेड आहे. वॉशर, क्लॅम्प, ब्रॅकेट असा जॉबवर्कचा माल. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, आणि मामाच्या मते शेवटची खरी. आता त्याच्या आजूबाजूच्या शेडच्या जागी काचेचे आयटी पार्क आलेत. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, ठाण्यातल्या एका कॉलेजात मॅनेजमेंट शिकवते आणि डोंबिवली पूर्वेला राहते. पोरांना प्रोजेक्टसाठी बाहेर पाठवण्याचं काम तिच्याकडेच आहे. खालचं बोलणं एका बैठकीतलं नाही. गेली दिवाळी ते गुढीपाडवा असं तुकड्यातुकड्याने चाललेलं भांडण मी जुळवलंय. मामाच्या शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.

मामा: माझ्याकडे चार पोरं आली होती. तुझ्या कॉलेजची नव्हेत, दुसऱ्या एका. पाच मिनिटं म्हणाली आणि दोन तास बसली. छापील प्रश्नावली होती. 'मी माझ्या व्यवसायाबाबत समाधानी आहे', समोर पाच चौकोन. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, पुढचं तू जाणतेस. अगं, मी सकाळी समाधानी असतो, दुपारी लाइट गेली की नसतो. कुठल्या चौकोनात टिक करू?

ताई: लिकर्ट स्केल म्हणतात त्याला.

मामा: म्हणत असतील. मग स्वॉट काढलं. चार चौकटी. थ्रेटच्या चौकटीत त्यांनी काय लिहिलं माहीत आहे? 'चीन'. मी म्हटलं, बाळांनो, मी चीनला कधी घाबरलेलो नाही. मी घाबरतो माझ्याच सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला. माल उचलतो तो, आणि पैसे देतो चार महिन्यांनी. हे त्यांनी लिहून घेतलं नाही. चौकटीत जागा उरली नव्हती. रिपोर्टची कॉपी आणून देतो म्हणाले. अजून आणतायत.

ताई: हे वाईट प्रोजेक्टचं उदाहरण झालं. वाईट डॉक्टर भेटला म्हणून कुणी वैद्यकशास्त्र रद्द करत नाही.

मामा: डॉक्टर वाईट भेटला तर मी फी देत नाही. इथे मी दोन तास दिले, आणि मार्क त्यांना मिळाले.

(हे वाक्य मामाने त्या दिवशी सहज टाकलं. नंतर सगळं भांडण त्याच्याभोवतीच फिरलं.)

ताई: बरं, तुझ्या चार महिन्यांच्या बिलांचं बोलू. कायदा २००६ चा आहे. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली, मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या मोठ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षात वजा धरता येत नाही. तक्रारीसाठी समाधान पोर्टल २०१७ मध्ये आलं. हे त्या पोरांनी तुला सांगायला हवं होतं.

मामा: मला माहीत आहे. तक्रार टाकली की व्याज मिळेल आणि पुढची ऑर्डर जाईल. हे कुठल्या पोर्टलवर लिहिलंय?

ताई: मान्य. तक्रार टाकू नकोस. पण तुझ्या त्या गिऱ्हाइकाने किती दिवस किती पैसे अडकवले, याचा तक्ता तू कधी केलायस?

मामा: मला तोंडपाठ आहे कोण किती देणं लागतो.

ताई: आकडा तोंडपाठ आहे, त्याची किंमत नाही. सांग, मागच्या वेळी किती अडकले होते?

मामा: सहा लाख. पंचेचाळीस दिवसांच्या वर आणखी अडीच महिने.

ताई: ७५ दिवस. तुझं कॅश क्रेडिट किती टक्क्याने आहे? बारा धरू. सहा लाखांवर ७५ दिवसांचं व्याज झालं १४ हजार ८०० च्या आसपास. हे तू बँकेला भरलंस, त्याच्यासाठी. त्या ऑर्डरमध्ये तुला सुटले किती होते?

मामा काही वेळ बोलला नाही. "तीसेक हजार," असं म्हणून त्याने मामीकडे चहाचं विचारलं. पुढच्या कोटेशनमध्ये त्याने भाव थोडा चढवला, हे मला मामीकडून कळलं. ताईपुढे त्याने अजून कबूल केलेलं नाही.

मामा: हा हिशेब तू मांडलास. पोरांनी नाही.

ताई: माझ्या पोरांनी मांडलेला सांगते. आमच्या डोंबिवलीतलं एक पोळीभाजी केंद्र. चालवणाऱ्या काकू पन्नाशीच्या, तीन बायका लाटायला, रोजच्या ६०० पोळ्या. एक मुलगी होती, दिव्याहून यायची. तिने पहिला आठवडा काहीच विचारलं नाही, नुसती कोपऱ्यात बसून भाजी निवडत होती. मग तीनशे रुपयांचा एक डिजिटल काटा आणला आणि लाट्या तोलायला लागली.

मामा: लाट्या?

ताई: लाट्या. दोघींची लाटी ५५-५६ ग्रॅमची. तिसरीची ७० च्या पुढे. म्हणजे पाणी वगळलं तर दर पोळीला नऊएक ग्रॅम पीठ जास्त. तिच्या २०० पोळ्यांमागे रोज पावणेदोन किलो. ४४ रुपये किलोचं पीठ, महिन्याचे २६ दिवस, दोन हजारांच्या आसपास दर महिन्याला जास्तीच्या कणकेत जातायत. मुलीने लिहिलं, लाटीचं वजन सारखं करा, दोन हजार वाचवा.

मामा: आणि काकूंनी तिला हाकललं.

ताई: काकू हसल्या. म्हणाल्या, "अगं, त्या बाईची पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. सकाळी सातला डबा भरून सीएसटीला जाणारी माझी गिऱ्हाइकं तीच पोळी मागतात. पातळ पोळी दुपारी एकला कागद होते."

मामा: बघ! काकूंना सगळं ठाऊक होतं. मुलीने काटा आणला, काकूंनी अक्कल आणली.

ताई: थांब ना. काकूंना पोळी मऊ राहते हे ठाऊक होतं. ती मऊ ठेवायला महिन्याला दोन हजार पडतात, हे ठाऊक नव्हतं. मुलीला दोन हजार कळले होते, मऊपण कळलं नव्हतं. दोन्ही एकत्र आल्यावर काकूंनीच तोड काढली. जाड ती 'डब्याची पोळी', रुपया जास्त. पातळ ती नेहमीच्या भावात, घरी नेऊन लगेच खाणाऱ्यांना. डब्यावाल्या एकाही गिऱ्हाइकाने रुपयासाठी कुरकुर केली नाही. हे मुलीच्या रिपोर्टमध्ये नव्हतं आणि काकूंच्या डोक्यातही नव्हतं.

इथे मामा गप्प बसेल असं वाटलं होतं. पण जॉबवर्कवाला माणूस एका सॅम्पलवर लॉट पास करत नाही.

मामा: एक काकू झाल्या. तुझ्या वर्गात पोरं किती? त्यांतली काटा घेऊन बसणारी किती? बाकीचे काय सांगतात ते मी सांगतो. इन्स्टाग्रामवर पेज काढा, लोगो बदला, झोमॅटोवर या. अगं, ते ऑर्डरमागे पंचवीसेक टक्के कापून घेतात. दहा रुपयांच्या पोळीत काकूंनी कापून द्यायचं काय?

ताई: ते खरं आहे. इन्स्टाग्रामच्या पेजवर मी आता मार्कच देत नाही. पण बाहेरून आलेल्या माणसाने हिशेब-व्यवस्थापन शिकवून फरक पडतो की नाही, हे मोजलेलं आहे, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. २००८ साली स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी वगैरे मंडळींनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांत प्रयोग केला. तारापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर २०१४ ला वेगळा झाला. काही गिरण्यांना पाच महिने फुकट सल्लागार दिले. काम साधं, माग कधी बंद पडला ते लिहा, खराब कापडाची नोंद ठेवा, सुताचा साठा मोजा, जमीन साफ ठेवा. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मामा: सल्लागार कोण होते? एस.वाय.बीकॉमची पोरं?

ताई: नाही. मोठी आंतरराष्ट्रीय कंपनी. बाजारभावाने एकेका गिरणीला अडीच लाख डॉलरचा सल्ला.

मामा: आणि गिरण्या केवढ्या?

ताई: सरासरी पावणेतीनशे कामगारांच्या.

मामा: मग काकूंचा काय संबंध? माझाही नाही. आम्ही सहा माणसं. बरं, पुढे काय झालं? ती लोकं गेल्यावर?

ताई: आठनऊ वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं. लावून दिलेल्या पद्धतींपैकी निम्म्याच्या आसपास बंद पडल्या होत्या.

मामा: (टाळी वाजवून) मी काही म्हणालो नाही हं. तूच म्हणालीस.

ताई: निम्म्या टिकल्या, हेही त्यातच आलं. आणि प्रामाणिकपणे आणखी सांगते, कारण तू नाहीतरी खोदून काढशील. घानामध्ये अक्राच्या टेलर लोकांना असाच सल्ला दिला. टेलरनी ऐकलं, वह्या ठेवल्या, आणि वर्षभरात सगळं सोडून दिलं. नफा वाढलाच नाही. आणि नैरोबीत दांडोरा नावाची गरीब वस्ती आहे. तिथे धंदा करणाऱ्या बायकांचे गट केले. एका गटाला वर्गात बसवून धंद्याचं शिक्षण दिलं. दुसऱ्या गटातल्या एकेकीची त्याच वस्तीतल्या जुन्या, मुरलेल्या धंदेवालीशी गाठ घालून दिली. वर्गातल्यांचा नफा हलला नाही. मुरलेलीच्या हाताखाली गेलेल्यांचा वीस टक्क्यांच्या आसपास वाढला.

मामा: कशाने?

ताई: मुख्यतः माल स्वस्त कुठे मिळतो ते कळलं म्हणून.

मामा: अगं, हे तर क्रॉफर्ड मार्केटला जाणारा प्रत्येक माणूस सांगेल! मग तुमची पोरं कशाला हवीत? ठाण्यात टिसा आहे, कल्याण-अंबरनाथकडे कामा आहे, लघुउद्योजकांच्या जुन्या संघटना. त्यांतली म्हातारी माणसं काकूंकडे पाठवा.

ताई: पाठव. तू जातोस? आठवड्यातून दोन तास, सहा महिने?

मामा: मला शेड आहे.

ताई: प्रत्येकाला शेड आहे. आणि मुरलेला पोळीवाला शेजारच्या काकूंना आपला पीठवाला कशाला सांगेल? दांडोरातसुद्धा त्या भेटी थांबल्या तसा फायदा ओसरला. विद्यार्थ्याकडे एक गोष्ट आहे जी तुझ्याकडे आणि टिसाकडे नाही. वेळ. आणि दुसरी, त्याचा काकूंच्या गिऱ्हाइकांवर डोळा नाही.

इथे मला ताईचं म्हणणं पटलं. विद्यार्थ्याला अक्कल कमी असते, हा मामाचा मुद्दा बरोबर असला तरी कोपऱ्यात बसून आठवडाभर भाजी निवडायला अक्कलवाल्या माणसाला फुरसत नसते. तारापूरला जे केलं तेही मुळात लिहिणं आणि मोजणंच होतं. डोमिनिकन रिपब्लिकमध्येही असाच अनुभव आला. छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर जमाखर्च शिकवला, दुसऱ्याला ढोबळ नियम सांगितले. त्यातला ठळक नियम असा, धंद्याचा आणि घरचा पैसा वेगवेगळ्या खणांत ठेवा. रीतसर शिकलेल्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दोन खणवाल्यांचा हिशेब सुधारला. तेवढं शिकवायला एस.वाय.ची मुलगी पुरेशी आहे.

ताई: आणि मामा, विद्यार्थ्यांनी केलेल्या यादीतून काय झालं ते ऐक. १९७६, बांगलादेश. चितगाव विद्यापीठाच्या शेजारचं जोबरा गाव. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मोहम्मद युनूस. त्यांनी विद्यार्थिनीला गावात पाठवून यादी करवली, सावकाराच्या कचाट्यात कोण कोण आहे. ४२ माणसं निघाली, आणि सगळ्यांचं मिळून कर्ज होतं ८५६ टका. सत्तावीस डॉलर. ग्रामीण बँकेची गोष्ट तिथून सुरू झाली.

मामा: ते पैसे कुणी दिले?

ताई: युनूसनी. स्वतःच्या खिशातून.

मामा: मग! तिथे मास्तरांनी खिशात हात घातला. तू घालतेस?

ताईने घातलेला आहे, हे मला माहीत आहे. काटा तिनेच घेऊन दिला होता. पण ती बोलली नाही, आणि तीनशे रुपयांवर ग्रामीण बँक उभी राहत नाही हेही खरंच. उलट तिने वेगळंच काढलं, आणि माझ्या मते हा या सगळ्या भांडणाचा गाभा आहे.

ताई: तू 'पोरं' म्हणतोस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर कोण येतं? गाडीतून उतरणारी, इंग्रजी बोलणारी? परदेशी विद्यापीठांची मुलं उन्हाळ्यात आफ्रिकेत जातात, तसं? माझा वर्ग बघ. कळवा, दिवा, उल्हासनगर, बदलापूर, टिटवाळा. एकीच्या वडिलांची भाजीची गाडी आहे. एकाच्या घरी उल्हासनगरला जीन्सची बटणं लावायचं काम आहे, तोही रात्री दहानंतर लावतो. ही मुलं छोट्या उद्योजकाच्या मदतीला जात नाहीत, मामा. छोट्या उद्योजकाच्या घरूनच येतात.

मामा: मग घरच्याच धंद्याचा प्रोजेक्ट करू दे की.

ताई: तिथेच अडतं. एक मुलगा होता. प्रोजेक्ट केला कॉफीच्या एका साखळी दुकानावर. नेटवरून उचललेला, कळत होतं. व्हायवाला विचारलं, आई काय करते? म्हणाला, गृहिणी. नंतर कळलं, आई स्टेशनजवळ पोळीभाजी विकते, आणि हा पहाटे पाचला उठून तिला कणीक मळून देतो. मी विचारलं, हा प्रोजेक्ट का नाही केलास? तो म्हणाला, "मॅम, कंपनीचं लेटरहेड लागतं."

मामा: म्हणजे?

ताई: कॉलेजचा फॉर्म आहे. 'सदर विद्यार्थ्याने आमच्या संस्थेत अमुक तास काम केले' असं सर्टिफिकेट, लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. नातेवाइकाचा धंदा चालत नाही, खोटं सर्टिफिकेट आणतील म्हणून. आता पोळीभाजीवालीला लेटरहेड कुठलं? त्या दिव्याच्या मुलीने काकूंसाठी लेटरहेड छापून घेतलं आणि शिक्का करून आणला. प्रोजेक्टचं पहिलं फळ काय, तर काकूंच्या केंद्राला रबरी शिक्का मिळाला.

मामा खदखदून हसला. मग म्हणाला, "ते लेटरहेड नंतर कशाला वापरलं का?"

ताई: वापरलं. एका सोसायटीच्या ऑफिसला पन्नास डब्यांचं कोटेशन द्यायला. फूड लायसन्सची नोंदणीही तिनेच ऑनलाइन करून दिली. फी होती वर्षाला शंभर रुपये. एजंटने दोन हजार सांगितले होते. उद्यम नोंदणी फुकट असते, त्याचेही पैसे एजंट मागत होता.

मामा: हे कामाचं. हे रिपोर्टमध्ये होतं?

ताई: नव्हतं. 'स्ट्रॅटेजिक इनसाइट' नाही म्हणून बाहेरच्या परीक्षकांनी काढायला लावलं.

(माझं मत विचाराल तर या परीक्षकांना एक दिवस त्या केंद्रावर भांडी घासायला बसवावं. पण ते असो.)

मामा: शिकून धंदा होत नाही, असं मी म्हणत नाही, लक्षात घे. पण धंदा आधी, शिक्षण त्याच्या मागून. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या कॉलेजला नाव कुणाचं आहे? केशव विष्णू पेंढरकर. विको. १९५२ साली दंतमंजन केलं आणि घरोघरी जाऊन विकलं. त्यांना कुणी स्वॉट काढून दिलं नव्हतं.

ताई: आणि त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर? फार्मसी शिकून धंद्यात आले. शिक्षण बाहेरून आलं नाही, घरातून आलं. मी तेच तर म्हणतेय. तो पहाटे कणीक मळणारा मुलगा शिकून आईच्या धंद्यात बसला, तर मला माझ्या नोकरीचं सार्थक वाटेल. पण आमची पद्धत त्याला आईचा धंदा लपवायला शिकवते.

इथे दोघांचं एकमत होतंय असं वाटायला लागलं, आणि मामाला एकमत सोसत नाही.

मामा: पण एक सांग. तुम्ही लोक आमच्याकडून नेता ते परत कधी देता? डबेवाल्यांचं बघ. १८९० पासून चाललेलं काम. २०१० मध्ये हार्वर्डने केस लिहिली, जगभरच्या वर्गांत शिकवतात, तूही शिकवतेस. आणि मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या तेव्हा? जुन्नर, मावळ, राजगुरुनगरकडे परत गेले बिचारे, शेतीवर. कितीतरी जण परत आलेच नाहीत. ज्या हजारो पोरांनी त्यांच्यावर पेपर लिहून मार्क मिळवले, त्यातल्या किती जणांनी तेव्हा विचारलं, तुमचं काय चाललंय?

ताईला याचं उत्तर देता आलं नाही. तिने अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकवलेल्या प्रा. अनिल गुप्तांचं नाव काढलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'हनी बी नेटवर्क' सुरू केलं. गावोगावच्या कारागिरांच्या, शेतकऱ्यांच्या युक्त्या गोळा करायच्या, पण दोन अटींवर. ज्याची युक्ती त्याचं नाव छापायचं, आणि जे लिहाल ते त्याच्या भाषेत त्याला परत द्यायचं. १९९८ पासून ते विद्यार्थ्यांना घेऊन शोधयात्रेत पायी हिंडतात.

मामा: त्याच्या भाषेत. हे बरोबर आहे. त्या चार पोरांचा रिपोर्ट आला असता तरी मला वाचता आला नसता. माझ्याच धंद्यावर साठ पानं इंग्रजी. आता माझी अट ऐक. पोरं पाठव. पण प्रश्न मी देणार. आणि मार्क मी देणार.

ताई: पहिलं मान्य. दुसरं नाही.

मामा: का?

ताई: तू देशील खरे. काकू देणार नाहीत. पोर रोज येतं, भाजी निवडतं, भांडी उचलतं, त्याला काकू शंभरपैकी शंभर देतील. डोळ्यांत पाणी आणून देतील. आणि कुणी दुकानदार पोरांना चार महिने फुकट राबवून घेईल आणि मार्कांची भीती घालेल. ती बाजू तू बघितलीस का?

मामा: म्हणजे माझ्यावर विश्वास नाही.

ताई: तुझ्यावर आहे. मार्क हातात आले की माणूस काय करतो ते मला माहीत आहे, मी वीस वर्षं मास्तरकी करतेय.

हा वाद मिटलेला नाही. ताई शंभरांतले तीस मार्क धंदेवाल्याला द्यायला तयार आहे, मामा पन्नासांवर अडून बसलाय. घासाघीस दोघांच्याही रक्तात असल्यामुळे चाळिसावर तुटेल असा माझा अंदाज आहे. पण तीस की पन्नास हा मुद्दा दुय्यम आहे. आज धंदेवाल्याच्या हातात शून्य आहेत, आणि म्हणूनच त्याचे दोन तास फुकट जातात. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला प्रश्नावलीतला पाचवा चौकोन आवडला की नाही, याची काळजी कोण करतो?

चांगलं विद्यार्थी-उद्योजक नातं अशक्य आहे, हे मामाचं मूळ म्हणणं मला चुकीचं वाटतं. काकूंच्या केंद्रावर ते झालं. पण ते घडलं कॉलेजच्या फॉर्मला वळसा घालून. खोटं वाटेल असं लेटरहेड छापून, आणि खरं काम रिपोर्टमधून गाळून. असं चोरून करावं लागत असेल तर दर वर्षी एखादीच दिव्याची मुलगी ते करील, बाकीचे लोगो बदला म्हणून सांगतील.

तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांना विनंती आहे. नवं सत्र सुरू होण्याआधी फॉर्ममधून लेटरहेडची अट काढा, धंदेवाल्याची साधी सही किंवा अंगठा चालवून घ्या. आईबापाचा धंदा प्रोजेक्ट म्हणून चालू द्या, खरंखोटं तपासायला स्वतः एकदा जाऊन या, सगळं लोकलच्या अंतरावर आहे. फूड लायसन्सची नोंदणी करून दिली असेल तर त्याला मार्क द्या. आणि दुकानदारांनो, पोरं "पाच मिनिटं आहेत का" म्हणत आली तर हाकलू नका, पण त्यांचे प्रश्न बाजूला ठेवून आपला एक प्रश्न द्या आणि तो सुटेपर्यंत सही करू नका. रिपोर्ट मराठीत मागा. दोन पानं पुरे, स्पायरल बाइंडिंग नको.